जोडसायकलीची मागची सीट

माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो, आणि सगळं एकाच सुरात. त्या दिवशी सकाळी त्याने आधी वाचलं की हापूसच्या पेट्या आल्या आहेत, ज्यांनी सांगून ठेवल्या असतील त्यांनी फ्रीमाँटमधून उचलाव्यात. आणि त्याच दमात, मध्ये श्वासही न घेता, त्याने वाचलं की आपले मुकुंदराव आज सकाळी हॉस्पिटलमध्ये आपल्याला सोडून गेले. त्यानंतर ‘फोल्डेड हँड्स, फोल्डेड हँड्स, फोल्डेड हँड्स’ असं तो कितीतरी वेळ म्हणत राहिला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोक जोडलेल्या हातांचं चित्र टाकत होते आणि यंत्र ते इमानेइतबारे मला ऐकवत होतं. नीलावहिनींचा, म्हणजे मुकुंदच्या बायकोचा, फोन नंतर आला. त्याआधीच कुणीतरी बातमी टाकून मोकळं झालं होतं. मी हातात चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो. टेबल कुठे आहे ते मला रोज न बघता कळतं. त्या दिवशी कळेना.

न बघता म्हणतो, कारण मला दिसत नाही. अगदीच दिसत नाही असं नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे, त्यात नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग पडतो आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणजे ज्याच्याकडे पाहावं नेमकं तेच दिसत नाही! निवृत्त झालो आणि वर्षभरात लायसन्स परत केलं. इथे अमेरिकेत गाडी गेली की माणसाचे पायच गेले म्हणायचे. दूध आणायला बायको, डॉक्टरकडे बायको, मंडळाच्या कार्यक्रमाला कुणाची तरी मागची सीट. लोक प्रेमाने न्यायचे, पण ‘दिलीपकाकांना राइड कोण देतंय’ हा प्रश्न ग्रुपवर आला की मला घरातच बसावंसं वाटायचं. मी चिडका होतोच, त्यात भर पडली.

मुकुंद मिरजेचा, मी नगरचा. आमची ओळख इथलीच, मंडळाच्या गणपतीत मोदक वाफवताना झालेली. मी घरात बसून राहायला लागल्यावर तो एक दिवस एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याकडून जुनी टँडेम घेऊन आला. दोन सीटची, दोघांनी चालवायची जोडसायकल. “दिल्या, तुझे पाय शाबूत आहेत, माझे डोळे शाबूत आहेत. आता बहाणे बंद,” म्हणाला. मी म्हटलं, साठी उलटलेल्या दोन माणसांनी हे चाळे करायचे? तर म्हणाला, “मग काय नव्वदीत करायचे?” शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आम्ही शिकलो. दोनदा पडलो, एकदा तर नीलावहिनींच्या देखत. पण रस्त्यावर जायची माझी छाती होईना. शेजारून गाडी गेली की माझं अंग आक्रसायचं आणि सायकल डुगडुगायची.

यावर उपाय त्यानेच काढला. सिएराच्या डोंगरात वरच्या खोऱ्यातून जाणारा एक रस्ता आहे. हिवाळाभर तो बर्फाखाली असतो. वसंतात बर्फ बाजूला करतात, पण दरडी हटवणं, डागडुजी वगैरे उरकेपर्यंत गाड्यांसाठी फाटक बंदच असतं. ते थोडे दिवस तिथे फक्त सायकलवाले आणि पायी चालणारे. मुकुंद दर वर्षी त्या दिवसांवर डोळा ठेवून असायचा. फाटकाशी गाडी लावायची, सायकलीला दोन्हीकडे पिशव्या अडकवायच्या, त्यात नीलावहिनींचे धपाटे आणि दाण्याची चटणी, आणि निघायचं. एवढा रुंद डांबरी रस्ता, मधोमध पिवळी रेघ, आणि एक गाडी नाही. पहिल्या वर्षी त्या शांततेत मला माझ्याच टायरांचा आवाज ऐकू आला आणि मी रडलो. त्याची पाठ माझ्यापुढे होती, त्यामुळे त्याला दिसलं नाही. कळलं असणार, कारण त्याने सायकल हळू केली… आणि हळू जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

मागच्या सीटचं काम सोपं असतं. हँडल असतं, पण ते वळत नाही. पुढच्याच्या सीटच्या दांड्याला घट्ट जोडलेलं असतं. ब्रेक नाही, गिअर नाही. नुसतं धरून बसायचं आणि पायडल मारायचं. मुकुंदचं काम दुप्पट, कारण तो चालवायचा आणि सांगायचाही. त्याचा नियम एकच, ‘सुंदर’ म्हणायचं नाही. “सुंदर काय, कॅलेंडरवाले पण म्हणतात. त्यात तुला काय कळणार?” मग सुरू व्हायचा. “डाव्या हाताला ओढा आहे, चहा उतू जायच्या आधी वर येतो ना, तसं पाणी उसळतंय. समोरच्या कड्यावर बर्फ उरलाय, दहीभात खाऊन बोटांनी निपटलेल्या ताटासारखा. दगडावर एक जाडजूड प्राणी ऊन खात बसलाय. घूस आहे रे, पण ग्रीनकार्ड मिळालेली.” मी हसायचो आणि मला ते सगळं दिसायचं. डोळे चांगले असताना मी या खोऱ्यात कधी आलो नव्हतो. आलो असतो तरी इतकं पाहिलं नसतं, हे शपथेवर सांगतो.

टँडेमची एक गोष्ट चालवल्याशिवाय कळत नाही. दोघांची पायडलं एकाच चेनने बांधलेली असतात. पुढच्याने पाय थांबवले की मागच्याचे थांबतात, आणि त्याने जोर लावला की तो मागच्याच्या तळपायाला कळतो. मुकुंद वैतागलेला आहे की खुशीत, हे मला त्याच्या बोलण्याआधी पायांना कळायचं. गेल्या वर्षी पहिल्याच चढावर माझ्या पायांना कळलं की पुढे कुणी जोर लावत नाहीये. पाय होते, गोल फिरत होते, पण वजन नव्हतं.

“मुकुंद, बरा आहेस ना?”

“का रे?”

“तुझ्या पायात जोर नाही.”

“चेनला तेल कमी पडलंय. तू पायडल चालव, तोंड नको चालवूस.”

त्या दिवशी तो नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बोलला. धाप लागत होती तरी थांबेना. प्रत्येक वळण, प्रत्येक झाड, खडकावरचं शेवाळं, पाण्यावरचा ढग. मी म्हटलंही, अरे जरा दम घे, पुढच्या वर्षासाठी ठेव काहीतरी. तर तो पुढच्या वळणाचं सांगायला लागला. संपूर्ण चढ मी दोघांचं पायडल मारत वर गेलो. दिवाळीपर्यंत तो अंथरुणाला खिळला होता आणि आंब्यांच्या दिवसांत गेला. तेराव्याला नीलावहिनी म्हणाल्या, “भावजी, गेल्या वर्षी तुम्ही दोघं डोंगरात गेलात त्याच्या आधीच ह्यांचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर नको म्हणत होते. पण हे म्हणाले, एकदा त्याला सगळं सांगून ठेवतो.”

सांगून ठेवतो! वहिनींना वाटलं, मला बरं वाटेल. मला त्याचा भयंकर राग आला, अजून येतो. सांगून ठेवण्यासारखी ती गोष्ट होती का? लोणचं आहे का ते, बरणीत भरून ठेवलं आणि लागेल तसं काढलं? मी रोज आठवायला बसतो आणि रोज थोडं कमी आठवतं. ओढा डावीकडे होता की पूल ओलांडल्यावर उजवीकडे गेला, तेही आता नक्की सांगता येत नाही.

त्याची मुलगी ईशा देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला असते. ती आईजवळ राहायला आली होती. फाटक सायकलींना उघडल्याचं तिनेच फोनवर पाहिलं आणि मला म्हणाली, “दिलीपकाका, let’s go. बाबांना आवडलं असतं.” मी नको म्हणत होतो, बायको म्हणाली, जा, त्या पोरीसाठी तरी जा. धपाट्यांचं नीलावहिनींना सुचलं नाही, आम्हीही विचारलं नाही. ईशाने वाटेत सँडविच घेतले. पुढच्या सीटवर ती बसली. तरुण पोर, पायात केवढी ताकद! पहिल्या चढाला माझे पाय नुसते तिच्यामागे फरफटत गेले. हवा तीच होती, थंड, राळेच्या वासाची. पाण्याचा आवाजही तोच. थोडं वर गेल्यावर मी विचारलं, “काय दिसतंय ग?”

“It’s so pretty, काका.”

“हो, पण आहे काय?”

“Like… mountains. आणि snow. खूप pretty आहे. Really.”

दोष तिचा नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी बापाने वर्षानुवर्षं तयारी केली होती, तिने एक दिवस. मी म्हटलं, छान, छान. आणि मग पायडलं हळू झाली, एकदा अडखळली आणि थांबली. रडतेय हे मला कानांआधी तळपायांना कळलं. आम्ही उतरलो. त्या रिकाम्या रस्त्यावर मधोमध उभे राहिलो. बाजूला व्हायचं काही कारणच नव्हतं.

“काका,” ती म्हणाली, “बाबा इथे काय म्हणायचे? Tell me. मला त्यांनी कधी आणलंच नाही इथे. I was always busy.”

मी तोंड उघडलं. उतू जाणारा चहा होता, ताट होतं, घूस होती, सगळं जिभेवर होतं. पण इथे म्हणजे कुठे? कुठल्या वळणावर आहोत, समोर कडा आहे की कुरण, हे मला तिने सांगितलं तर मी तिला सांगणार. ती म्हणाली, समोर rocks आहेत, पाणी आहे, trees आहेत. तसं ते सगळीकडेच होतं. तिच्याकडे डोळे होते, माझ्याकडे त्याचे शब्द होते, आणि दोन्ही एकमेकांना लावायला जो लागत होता तो नव्हता. मी म्हटलं, “बेटा, मला माहीत नाही.” आम्ही तिथूनच परत फिरलो. उतारावर मी पुन्हा काही विचारलं नाही.

ईशा तिच्या नोकरीवर परत गेली. नीलावहिनींनी टँडेम माझ्याकडे पाठवून दिली, म्हणाल्या, आमच्याकडे बघवत नाही. आता ती आमच्या गॅरेजमध्ये असते, मागचं चाक उचलून धरणाऱ्या स्टँडवर. बायकोला वाटतं मी व्यायाम करतो. दुपारी जेवण झालं की मी जाऊन मागच्या सीटवर बसतो, त्याच्या सीटच्या दांड्याला जोडलेलं हँडल धरतो आणि पायडल मारतो. पुढची पायडलंही फिरतात. फिरणारच, चेन एकच आहे. मी मान वाकडी करून डोळ्यांच्या कडेने ती बघतो… दोन्ही बरोबर माझ्या पायांच्या तालात वर येतात, खाली जातात. चेनला मी भरपूर तेल घातलं आहे. सायकल फार हलकी जाते. इतकी हलकी ती मला कधीच नको होती.