भाजतंय, म्हणाली होती ती

हे मी घरात कधी बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. उद्या बाजारात समोर आलात तरी मला तोंड चुकवावं लागणार नाही. बाकी सगळ्यांना चुकवून झालंय.

माझं रत्नागिरीत लहानसं पार्लर आहे. घराचीच पुढची खोली. भुवया, फेशियल, नवरीचा मेकअप, आणि अलीकडे खोटी नखं बसवणं. नखांचं काम मी कोल्हापूरला जाऊन शिकून आले. सुरुवातीला इथल्या बायका हसायच्या. एवढ्या नखांनी कोळंबी कशी सोलायची गो, म्हणायच्या. मग लग्नांचे फोटो फोनवर फिरायला लागले, हिरव्या चुड्याच्या पुढे लांब चकचकीत नखं दिसायला लागली, आणि त्याच बायका मुलींना, सुनांना घेऊन यायला लागल्या. माझा हात चांगला बसला होता. तेव्हा कामातलं कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

प्रणाली आली ती लग्नाच्या तोंडावर. लांज्याकडच्या गावातली. काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या टरफलात तेल असतं. ते लागलं की कातडी जळते, सालपटं निघतात. राख लावा, खोबरेल लावा, व्हायचं ते होतंच. तिची बोटं काळवंडलेली आणि नखं इतकी पातळ की अंगठ्याने जरा दाबलं तर वाकायची. आल्यापासून हात ओढणीत. लग्नात सगळे हातच बघतात ना ताई, म्हणाली. मेंदी बघायची म्हणून हात धरतात, मग काय करू?

तिला द्यायचं होतं ते सुमनकाकूंच्या घरात, त्यांच्या मुलाला. काकूंचं घर आमच्याच आळीत. आंब्याची बाग, भरलेलं घर, बोलणं खणखणीत. काकू माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या शब्दावर निम्मी आळी माझ्याकडे येते, आणि त्यांच्याच शब्दावर उद्या यायची थांबली असती. हे आत्ताच सांगून ठेवते. बचाव म्हणून नाही. पुढचं कळावं म्हणून.

काम करताना पोरगी मोकळी बोलत होती. तांदळाची भाकरी तिच्या हातची हमखास फुगते, आणि उकडीचे मोदक करायला तिला वाडीत घरोघर बोलावतात — हे तिने जरा लाजत, पण ठसक्यात सांगितलं. सासरी गेल्यावर हेच एक आपल्याजवळ आहे, म्हणाली. बाकी माहेरून काय आणणार? मी हो हो करत होते. माझं लक्ष नखांवर होतं. खरं सांगू? नखांवरही नव्हतं. फोटोवर होतं.

असल्या नखांवर लांब नखं लावायची नसतात. अगदी आखूड, पातळ थर द्यायचा, नाहीतर सरळ नाही म्हणायचं. लांब नख कुठे अडकलं की ते एकटं निघत नाही, खालचं नख घेऊन निघतं. प्रणाली आखूड चालतील म्हणाली होती — तिने तसं स्वतः म्हटलं होतं. मीच म्हटलं, अगं लग्न एकदाच होतं, लांबच शोभतील. काळवंडलेल्या बोटांवर माझं काम कसं उठून दिसेल, आधीचा फोटो, नंतरचा फोटो, लग्नसराईत केवढी गिऱ्हाइकं येतील — हे सगळं मी मनात मांडून बसले होते.

मशीनने नखं घासली. जास्त घासली. मग वरचा थर लावून तो पक्का करायच्या दिव्याखाली हात घातला, तर तिने झटक्यात बाहेर काढला. ताई, भाजतंय गो, म्हणाली. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला दुसरं काही पढवलं नसेल एवढं हे पढवलं होतं — गिऱ्हाईक भाजतंय म्हणालं की थांबायचं, तुम्ही घासून घासून नख खाऊन टाकलंय. मी थांबले का? होतं तसं थोडं, म्हटलं, आणि तिचं मनगट धरून हात परत आत घातला. तिने डोळे मिटून घेतले. नंतर नखं बघून मात्र इतकी हसली, इतकी हसली. तो फोटो माझ्याकडे अजून आहे.

ती दारातून बाहेर पडत होती तेव्हा माझ्या मनात आलं होतं — सुपारी. आमच्याकडे लग्न लागून नवरी घरी आली की हळद उतरवताना सुपारी सोडवायचा खेळ असतो. नवरीने मुठीत सुपारी घट्ट धरायची, नवऱ्याने एका हाताने मूठ उघडायची. मग उलट. भोवती सगळे ओरडत असतात, सोडू नको गो, सोडू नको. एवढ्या नखांनी तिची मूठ मिटणारसुद्धा नव्हती. हाक मारून एवढंच सांगायचं होतं की खेळाच्या वेळी जपून. पण सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, का? आणि मग मला सांगावं लागलं असतं. मी दार लोटून घेतलं.

व्हायचं तेच झालं. मला फोनवर कुणीतरी त्याची चित्रफीत पाठवली. नवरा हसत हसत तिचं एकेक बोट सोडवतोय, करंगळीशेजारच्या बोटापाशी येतो, आणि ती एकदम आखडते. नख मुळासकट उलटलं होतं. हळदीच्या साडीवर रक्त. आणि ती — हसत होती. नवी नवरी, रडणार कशी? हात पदरात घेऊन हसत होती, आणि सुपारी दुसऱ्या हाताने नवऱ्याला देत होती. मी ते एकदा पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

चार दिवसांनी काकू आल्या. भांडायला नाही, विचारायला. हे जास्त वाईट. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. म्हणाल्या, अगो, शुभकार्यात रक्त सांडलं, घरात कुजबुज चाललीय. पोरगी म्हणते काजूच्या तेलाने नखं नाजूक झाली होती आणि तुझ्या मशीनने जास्त घासली गेली. खरं काय ते तू सांग, तुला त्यातलं कळतं.

मला त्यातलं कळत होतं. म्हणून तर माझं खोटं खपलं. मी म्हटलं, काजूच्या तेलाने एवढं होत नाही काकू. नखांना आधीपासूनच काहीतरी आहे तिच्या. बुरशी असावी. मी म्हटलं होतं तिला, पण ती ऐकेना.

किती सहज आलं ते तोंडात. काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच विचारलं, लागण होते का गो त्याची? इथे तरी — इथे तरी मी नाही म्हणू शकले असते ना? मी म्हटलं, सांभाळलेलं बरं.

त्यांनी तिला डॉक्टरकडेही नेलं. जखम भरायला त्याने मलम दिलं. पण औषध दिलं म्हणजे रोग होता, हे घरात पक्कं झालं. काकू वाईट बाई नाहीत. त्यांनी सुनेला शिवी दिली नाही, माहेरी धाडलं नाही. फक्त तिला चुलीपासून लांब ठेवलं. पीठ मळायचं नाही, भाकरी थापायची नाही, नारळ खवायचा नाही. अंगण झाडायचं, कपडे धुवायचे, गोठा बघायचा. हे मला कुणी सांगितलं? काकूंनीच, भुवया करून घेताना. बरं झालं तू वेळेवर सांगितलंस, म्हणाल्या. गणपतीत मोदकांना हात लावायला निघाली होती, मीच अडवली. आईशप्पथ सांगते, माझ्या हातातला दोरा तुटला. मी नवा दोरा घेतला आणि उरलेली भुवई पूर्ण केली.

मनात रोज यायचं, आज जाऊन सांगू. आज बाजार आहे, आज काकूंकडे पाहुणे आहेत. आज नको.

मग परवा काकू तिला घेऊन आल्या. नणंदेचा साखरपुडा आहे, हिच्याही भुवया कर, म्हणाल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. प्रणाली खुर्चीत बसली. ओळख दाखवली नाही, रागही दाखवला नाही. भुवया करताना गिऱ्हाइकाला आपल्याच हाताने कपाळाची आणि पापणीची कातडी ताणून धरावी लागते. तिने हात वर केले. ती बोटं माझ्या डोळ्यांसमोर, अगदी वितीवर. नख पूर्ण आलं होतं. गुलाबी, सरळ, स्वच्छ. बाकीचीही तशीच. काजूचा काळेपणासुद्धा गेला होता. असली निरोगी नखं माझ्याकडे येणाऱ्या बायकांत मी क्वचित पाहिली असतील.

मागे काकू होत्या. मला फक्त मान वळवायची होती. काकू, नखं बघा हिची, काही नव्हतंच कधी — बस, एवढं एक वाक्य. माझी चूक कबूल न करताही म्हणता आलं असतं. बरं झालं सगळं, म्हटलं असतं तरी त्या पोरीला चूल मिळाली असती. ती आरशातून माझ्याकडे बघत होती. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. तिलाही माहीत होतं की मी बघितलंय.

मी दोरा फिरवत राहिले. डाव्या भुवईला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळ्यांनाच येतं.

तिच्या बोटांशेजारून कात्री-चिमट्याने सुटे केस काढले. झाल्यावर काकू उठल्या. म्हणाल्या, अगो, कात्री आणि चिमटा नीट धुऊन ठेव हं, तिचा हात लागलाय. प्रणाली अजून खुर्चीतच होती.

आणि मी कात्री, चिमटा उचलला, वाटीत जंतुनाशक ओतलं, आणि तिच्या समोर दोन्ही धुतली.