साहेब खासदार झाले त्यानंतर

आमच्या कंपनीच्या सिंगापूरच्या मुख्यालयाचे प्रमुख ब्रिटिश होते. मी त्यांच्या हाताखाली फायनान्समध्ये होते. तिथल्याच क्वीन्सटाउन भागातल्या फ्लॅटवरून ऑफिसला चालत जायचे. पुण्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा रजा मागायला गेले, तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "आधी विमान पकडा. इथलं मी बघतो." निर्णय घ्यायला त्यांना वेळ लागतच नसे.

२०१५ साली ते नोकरी सोडून मायदेशी गेले आणि निवडणुकीला उभे राहिले. त्यांच्या गावात आमच्याच कंपनीचा पंपांचा कारखाना होता. "मी धंदा चालवलाय, इथल्या नोकऱ्या टिकवून दाखवीन," असं ते भाषणात सांगत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही मोबाइलवर ती भाषणं बघायचो. ते खासदार झाले तेव्हा ऑफिसात केक कापला.

मग ब्रिटनमध्ये सार्वमत झालं आणि देशानं युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. साहेबांचा त्याला विरोध होता, पण त्यांच्या गावानं बाहेर पडण्याच्याच बाजूनं मत दिलं. आता तिथून युरोपात माल विकणं महाग पडणार, म्हणून आमच्या नव्या प्रमुखांनी तो पंपांचा कारखाना बंद करायचं ठरवलं. आकडेमोड माझ्याकडे आली.

साहेब स्वतः सिंगापूरला आले. आपल्याच जुन्या केबिनमध्ये टेबलाच्या अलीकडे, पाहुण्याच्या खुर्चीत बसले.

"थोडी मुदत द्या," ते म्हणाले.

"माझ्या जागी तुम्ही असता, तर दिली असती?" नव्या प्रमुखांनी अगदी नम्रपणे विचारलं.

साहेबांनी आकडे घेऊन बाजूला बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आकड्यांत कुठे फट नव्हती.

नंतर मी त्यांना जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर नेलं. त्यांच्या समोरचा चिकन राइस तसाच निवत होता.

"मंत्री भेटतात, चहा पाजतात, आणि तेवढंच," ते म्हणाले. "इथं असताना माझ्या एका फोनवर काम व्हायचं."

"सर, मी काही करू शकते का?"

"नाही. पण तिथल्या लोकांना हे कसं सांगू, ते सांगा."



कारखाना बंद झाला. पुढच्या निवडणुकीत साहेब पडले. मोबाइलवर ते जिंकलेल्या उमेदवारासाठी टाळ्या वाजवताना दिसले. माझी मुलगी खांद्यावरून डोकावत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, युअर ओल्ड बॉस लॉस्ट, आह?"

मी त्यांना फोन केला.

"कारखान्यातली माणसं येऊन गेली," ते म्हणाले. "कुणी शिवी दिली नाही. हात मिळवून गेली."