पुढच्या सीटवरची आई

गॅरेजवाल्यांचा फोन ऑफिसात आला तेव्हा मला आधी वाटलं, बाबांना काही झालं. त्यांच्याकडे माझा नंबर होता, कारण मागे एकदा बाबांना ताप आला म्हणून गाडी सर्व्हिसिंगला मी नेऊन दिली होती. बिबवेवाडीत आईबाबांच्या घरापासून चार गल्ल्या सोडून त्यांचं गॅरेज. माणूस मूळचा तिथलाच, गाव शहरात आलं त्याच्या आधीपासूनचा.

"ताई, काकांना जरा समजवा," ते म्हणाले. "काच बदलून द्या म्हणून बसल्यात हितं."

"कुठली काच?"

"गाडीची, पुढची. काचेला काय बी झालेलं नाही. आधी वायपर बदलून नेले. मग हेडलाइटचे बल्ब. मागच्या पंधरवड्यात काच पॉलिश करून घेतली. आता म्हणत्यात, काचच धुरकट हाय, नवी टाका. मी आतून बघितली, बाहेरून बघितली. आरशासारखी हाय ताई."

"मग द्या बदलून. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

ते जरा थांबले. "बदलतो की. पन काच बदलून काय व्हनार न्हाई, येवढंच सांगायचं होतं."

ते मला काय सांगू पाहत होते हे कळायला आणखी तीन आठवडे जावे लागले. त्या दिवशी मी हसले होते. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला गंमत म्हणून सांगितलंही होतं. बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात झाली. सुट्या भागात केसाएवढा फरक निघाला तरी ते माल परत पाठवत. निवृत्त झाल्यावर ती नजर घराकडे वळली. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं आहे, पोळी एका कडेला जाड आहे, दाराची बिजागरी सैल आहे. तेव्हा त्यांना काचेत दोष दिसला यात मला नवल वाटलं नाही.

गाडीचं तर बोलायलाच नको. पांढरी, छोटी, चौदा वर्षांची. मी कॉलेजात असताना त्यांनी घेतली, तीच पहिली आणि तीच शेवटपर्यंत. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून ऑइल, पाणी, बॅटरी बघायची, टायर अंगठ्याने दाबून बघायचे. आणि गाडी चालू असताना कोणी बोलायचं नाही. हा नियम इतका कडक, की एकदा महाबळेश्वरला जाताना घाटात मला मळमळायला लागलं तेव्हा मी आईच्या खांद्याला हात लावून खुणेने सांगितलं होतं.

फोननंतर काही दिवसांनी बाबांचाच फोन आला.

"गाडी बदलतोय. काच नवी टाकली तरी तेच. वय झालं तिचं. रविवारी येरवड्याला शोरूममध्ये जायचंय, तू ये."

"मी कशाला?"

"कागद वाचायला कोणीतरी हवं."

बाबांनी दुसऱ्याला कागद वाचायला बोलवावं, हेही मला तेव्हा खटकलं नाही.

रविवारी सकाळी वारज्याहून स्कूटरवर बिबवेवाडीला गेले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. ते गाडी चालवायला बसले, आई त्यांच्या शेजारी, मांडीवर जुन्या गाडीच्या कागदांची फाइल घेऊन. मी मागे, आईच्या पाठीमागे.

गल्लीतून बाहेर पडताच आई बोलायला लागली.

"उजवीकडून स्कूटर आहे. गेली. आता घ्या. पुढे रिक्षा थांबतेय हं. डावीकडे सायकलवाला, म्हातारा आहे, हळू. सिग्नल लाल आहे. अजून लाल. झाला हिरवा."

मार्केट यार्डापर्यंत मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, "आई, किती सूचना त्या! बाबांना चालवू दे ना."

आईने मान वळवली नाही. बाबाही काही बोलले नाहीत. मला पहिल्यांदा शंका आली ती तेव्हा. ज्या माणसाने गाडीत कोणाला शिंकूही दिलं नाही, तो मुकाट बसला होता. आरशात मला त्यांचा चेहरा अर्धा दिसत होता. कपाळाला आठी नव्हती, कंटाळा नव्हता. रेडिओवरच्या बातम्या ऐकताना ते मान जशी किंचित कलती ठेवत, तशी ती होती. ते आईचा शब्द न् शब्द ऐकत होते.

"पुढे बस वळतेय," आई म्हणाली, आणि बाबांचा पाय ब्रेकवर गेला. बस समोर भिंतीएवढी उभी होती. ती मला केव्हाची दिसत होती.

मी ठरवलं की आता फक्त बघायचं. प्रत्येक वेळी आधी आईचा शब्द यायचा आणि मग बाबांचा हात हलायचा. एकदाही उलटं झालं नाही.

पुलगेटपाशी गर्दी होती. स्टँडकडून माणसं रस्त्यात उतरत होती. आईच्या मांडीवरची फाइल घसरली आणि कागद तिच्या पायांत पसरले. ती वाकली. दोन सेकंद, फार तर तीन. डावीकडून एक बाई कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. निम्मा रस्ता चालून ती गाडीच्या पुढ्यात येत होती आणि गाडीचा वेग तसूभरही कमी होत नव्हता.

"बाबा!" मी किंचाळले.

ब्रेक लागला. आईचं डोकं समोर आपटलं, गाडी गचका खाऊन बंद पडली. बाईच्या साडीत आणि आमच्या बंपरमध्ये वीतभर अंतर असेल. तिने मोकळ्या तळव्याने बॉनेटवर दाणकन थाप मारली.

"डोळे फुटले का रे म्हाताऱ्या?"

पोर रडलं नाही. आमच्याकडे टकामका बघत राहिलं. बाई आणखी काहीतरी बोलली, मागचे हॉर्न वाजायला लागले तशी ती पलीकडे निघून गेली.

"मध्येच आली," बाबा म्हणाले.

ती मध्येच आलेली नव्हती.

"मी चालवू का?" मी विचारलं.

"का?"

"सहजच."

"सहजच गाडी चालवत नाहीत," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. आईने कागद तसेच पायांत राहू दिले. कपाळ चोळत ती म्हणाली, "चला. समोर मोकळं आहे."

तिथेच खाली उतरून दार उघडायचं, त्यांच्या हातून किल्ली घ्यायची, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण मागे हॉर्न वाजत होते, आणि बाबांच्या हातून काही काढून घेण्याची मला सवय नव्हती. मग मी दुसरंच केलं. दोन सीटच्या मधून पुढे झुकून बसले. आईचं जे सुटेल ते मी सांगायचं. "डावीकडे हातगाडी." "पुढचा थांबला." कॅम्पातून बंडगार्डनच्या पुलापर्यंत आम्ही दोघी अशा बोलत होतो आणि मध्ये बाबा गाडी चालवत होते. एकानेही दुसऱ्याला काही विचारलं नाही.

शोरूममध्ये टाय लावलेला एक तरुण विक्रेता आमच्याकडे आला. पाणी दिलं, गाडी दाखवली. बाबांनी दार तीनदा उघडून लावून बघितलं. मग तो म्हणाला, "काका, एक चक्कर मारून बघा ना."

बाहेर चाचणीची गाडी उभी होती. आई सवयीने पुढच्या दाराशी गेली.

"काकू, आपण मागे बसा. पुढे मला बसावं लागतं."

"मी पुढेच बसते. मागे मला मळमळतं."

"पाचच मिनिटं काकू. आमचा नियम आहे."

आईने दाराची मूठ सोडली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी होती की कबुली, मला अजून सांगता येत नाही.

"बाबा, आज राहू दे," मी म्हटलं. "नुसती बघू."

"न चालवता गाडी घेतात होय?" असं म्हणत ते स्टिअरिंगशी जाऊन बसले.

आम्ही दोघी मागे बसलो. आईने माझं मनगट पकडलं. गाडी आवारातून हळूहळू फाटकापर्यंत गेली आणि थांबली. बाहेर रस्ता वाहत होता. उजवीकडून येणाऱ्या गाड्या चुकवून डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटर टकटक वाजत होता. एक बस गेली, दोन मोटारी गेल्या, मग मोकळं झालं. बाबा हलले नाहीत. पुन्हा गाड्या आल्या, पुन्हा मोकळं झालं.

"घ्या काका, रस्ता मोकळा आहे," विक्रेता म्हणाला.

बाबा मान उजवीकडे वळवून बघत होते. खूप बघत होते. फाटकावरच्या रखवालदारानेही हात हलवून जा म्हणून खूण केली. गाडी फूटभर पुढे सरकली.

"आत्ता नको!" आई मागून म्हणाली.

पुढच्याच क्षणी एक टेम्पो समोरून सूं करत गेला. विक्रेता दचकला, मग हसला.

"काय काकू, गाडी तुम्हीच चालवताय की!"

"हो," बाबा म्हणाले. "दीड वर्ष झालं, तीच चालवतेय."

त्यांनी हँडब्रेक ओढला आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग दोन्ही हात परत स्टिअरिंगवर ठेवले. विक्रेत्याचं हसू चेहऱ्यावरच राहून गेलं. मग बाबा दार उघडून उतरले, गाडीला हात लावत लावत मागे आले आणि माझ्या खिडकीशी वाकून म्हणाले, "तू ये पुढे."

मी गाडी उलटी घेऊन आवारात लावली. परतताना आमची गाडीही मीच चालवली. बाबा चौदा वर्षांत पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले होते. आई माझ्या शेजारी होती, अगदी गप्प. फक्त सिग्नल आला की तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात तिला गाठलं.

"आई, ती बाई मेली असती."

"हो."

"आणि पोर."

"हो गं."

"दीड वर्ष? मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्यावर ओला रुमाल धरून ती ओट्याला टेकून उभी राहिली. "एकदा स्वारगेटला त्यांनी सिग्नल तोडला. मी म्हटलं, अहो, लाल होता. म्हणाले, तोंडावर ऊन होतं. पुढच्या वेळी मी आधीच सांगितलं. मला वाटलं, आता ओरडतील, गप्प बस म्हणतील. ते काही बोलले नाहीत. तेव्हाच मला कळलं." तिने रुमाल उलटा करून धरला. "आणि जमत होतं गं. गाडीला साधा ओरखडा आला नाही. मला वाटायचं, मी आहे ना शेजारी."

मी तिला खूप बोलले. त्यातलं बरंच बोलायला नको होतं. ती ऐकून घेत होती. बाहेरच्या खोलीत बाबांनाही सगळं ऐकू जात होतं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांचे दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. पण त्याच्या आड काचबिंदूही निघाला. कडेचं दिसणं गेलं होतं, जे गेलं ते परत येणार नव्हतं. गाडी बंद. "म्हणजे दोष काचेतच होता," बाबा म्हणाले. डॉक्टरांना काही कळलं नाही. आईने तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात मी गॅरेजवर गेले आणि विचारलं, "तुमच्या लक्षात आलं होतं, तर सरळ का नाही सांगितलंत?"

"काकांच्या लेकीला मी कसं सांगू, तुमच्या बापाला दिसत न्हाई म्हणून?" ते म्हणाले. "जेवढं जमलं तेवढं सांगितलं की ताई."

गाडी त्यांच्याच ओळखीने विकली गेली. नवी घेतली नाही. आईबाबा रिक्षाने हिंडायला लागले, आणि मीटरवरून, रस्त्यावरून, ब्रेक मारण्याच्या पद्धतीवरून बाबांची रिक्षावाल्यांशी भांडणं सुरू झाली. माझ्याशी मात्र ते कामापुरतंच बोलत. मी गेले की पेपर जवळ धरून बसायचे. आई म्हणायची, उतरेल राग. मला तो राग वाटत नव्हता, पण काय आहे तेही कळत नव्हतं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने एका संध्याकाळी मी गेले, तेव्हा आई देवळात गेली होती. बाबांनी स्वतः चहा केला. कप माझ्यापुढे ठेवताना ते अचानक म्हणाले, "ती मध्येच आली नव्हती."

मी उचललेला कप खाली ठेवला.

"मला ती दिसलीच नाही. तू ओरडलीस म्हणून मी ब्रेक दाबला. कशासाठी दाबला ते नंतर कळलं, तिने थाप मारली तेव्हा." ते खुर्चीत बसले. "आणि तरी मी पुढे येरवड्यापर्यंत गाडी नेली. तुम्हा दोघींना घालून."

"मीही नेऊ दिली, बाबा."

"तू नेऊ दिलीस," ते मान हलवून म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून ते खोडून काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आम्ही चहा प्यायलो. साखर जास्त पडली होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ऑफिसात काय चाललंय, आणि मी सांगायला लागले.