प्रतिज्ञा कोण ऐकतं?
जळक्या कागदाचा आणि उदबत्तीचा एकत्र वास आला की मला सिंगापूरच्या टॅम्पिनीसमधली ती ऑगस्टची संध्याकाळ आठवते. सात वर्षांची माझी लेक उजवी मूठ छातीवर ठेवून शाळेतली प्रतिज्ञा घोकत होती. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "शपथ देवासमोर घ्यायची असते, देवघरापुढे जा." "नो लाह, आई! प्लेजमध्ये देव नाही. टीचर म्हणाली, सगळ्यांचे देव वेगळे असतात." "मग ऐकतं कोण?" मी उगाचच खोचकपणे विचारलं. नंतर आम्ही इमारतीखाली गेलो, तर चिनी लोकांच्या पितरांच्या महिन्यातल्या गाण्यांसाठी मांडव घातला होता, आणि लाल खुर्च्यांची पहिली रांग रीतीप्रमाणे मेलेल्यांसाठी मोकळी सोडली होती. माझा हात सोडून ती त्या रांगेसमोर गेली आणि छातीवर मूठ ठेवून तिनं अख्खी प्रतिज्ञा म्हटली. वारा अजिबात नव्हता, तरी पितरांसाठी जाळलेल्या कागदांचा आणि उदबत्त्यांचा खुर्च्यांवर साचलेला धूर हळूहळू माणसाच्या उंचीला चढला. "आई," ती खुशीत म्हणाली, "सगळे उभे राहिले!" परवा मी इथली नागरिक झाले. शपथ घेताना मी डोळे घट्ट मिटले होते. पहिल्या रांगेत कोणी आहे की नाही, ते मला पाहायचं नव्हतं.