हनुवटीखालची कमाई

वकिलाच्या गळ्यातला पांढरा बँड हा मोठा चहाडखोर प्रकार आहे. सनद मिळाली तेव्हा तो माझ्या गळ्यावर सरळ, मोकळा लोंबायचा. चाळिशी ओलांडली आणि हनुवटीखालून एक मऊ वळी उतरून त्याच्या गाठीवर बसायला लागली. आरशात ती मला कधी दिसली नाही, कारण आरशासमोर बाई मान उंच करूनच उभी राहते. दिसली ती ऑनलाइन सुनावणीत. लॅपटॉप टेबलावर, कॅमेरा खालून वर बघणारा, आणि पडद्यावरच्या चौकटीत अशिलाची बाजू माझ्याआधी माझी दुसरी हनुवटीच मांडत होती. हवा होता तो हुकूम मिळाला, पण लॅपटॉप मिटताना मी ठरवून टाकलं की हिचा निकाल लावायचा.

दिसण्यावरून रडणाऱ्यांतली मी नव्हे. निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीतून बेळगावच्या कोर्टात आले, तेव्हा रंगावरून, आडनावावरून, बोलण्याच्या ढंगावरून बोलणारे खूप भेटले, आणि ज्याचं त्याला उत्तर मी जागच्या जागी दिलं. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा विचारलं की तुला कुणी काही म्हणालं का, तेव्हा मी त्याला सांगितलं की कुणी म्हणायची वाट मी कशाला बघू. मला नको वाटतं, एवढं कारण पुरेसं आहे. त्याने पेपर पुन्हा डोळ्यांसमोर धरला. वीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला आहे.

कॅम्पाच्या अलीकडे एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. माझ्यापेक्षा लहान, मातृभाषा कानडी, मराठी अगदी जपून बोलणार. मी त्यांची उलटतपासणीच घेतली. त्यांनी न कंटाळता सांगितलं की हे औषध म्हणजे आपल्या पित्तात असतं तसलंच एक आम्ल आहे, ते चरबीच्या पेशी फोडतं आणि मग शरीर हळूहळू तो कचरा उचलून नेतं. एका बैठकीत भागत नाही, दोनतीन तरी लागतात, मध्ये महिना-दीड महिना सोडून. दुखतं. सूज येते, आणि ती चांगलीच येते. क्वचित एखादीचं हसू काही आठवडे तिरकं होतं. मी म्हटलं, समोरच्या पक्षाच्या वकिलाकडे बघून मी तसंही तिरकंच हसते.

सुई उचलण्याआधी मात्र त्यांनी बराच वेळ माझा गळा चाचपला. पाणी प्यायला लावून घोट कसा जातो ते बघितलं, जबड्याच्या कडेने, कानाखालून बोटं फिरवली. ही चरबीच आहे, गाठ नाही, एवढी खात्री झाल्याशिवाय आपण पुढे जात नाही, असं त्या म्हणाल्या. मग हनुवटीखाली ओळीने ठिपके उमटवले, अंगणात रांगोळीला काढतात तसे, आणि त्या प्रत्येक ठिपक्यात सुई घातली. सुईचं काही नाही, पण नंतर आतून जी आग उठली ती ठेचा कातडीच्या उलट्या बाजूने चोळल्यासारखी. बर्फ धरून मी घरी आले.

मे महिन्याची कोर्टाची सुट्टी मी मुद्दाम निवडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर हनुवटी आणि गळा यांच्यातली हद्दच पुसली गेली होती. पावसाळ्यातल्या बेडकाचा गळा फुगतो तसा माझा फुगला होता. डॉक्टरीणबाईंनी दिलेला ताणाचा पट्टा हनुवटीखालून डोक्यावर बांधून मी बसले होते, आणि मला ते दृश्य लई आवडलं, खरं सांगते. नवरा हसला, त्याच्याबरोबर मीही जमेल तेवढी हसले. एकच अडचण होती. आई रोज संध्याकाळी निपाणीहून व्हिडिओ कॉल करायची. मी तिला सांगितलं की फोनचा कॅमेरा बिघडलाय, आठवडाभर नुसतं बोलू.

आता आईचं सांगायला हवं. माझ्या आईने उभा जन्म विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की तिच्याकडे न बघता बोलत राहावं. वडील लवकर गेले, तेव्हा तिची थोरली बहीण, माझी मावशी, आमच्याकडेच राहायला आली, आणि दोन सुपांवर घर चाललं, माझी शाळा झाली, वकिलीचं शिक्षण सुरू झालं. दोघी सकाळी दातांना तंबाखूची मिश्री लावायच्या. एका वर्षी मावशी दाढ दुखते म्हणायला लागली. दाढच ती, म्हणून लवंग धरली, मग गालाला पदर लावून बसू लागली. मग तिला भाकरी चावेना, भात कालवून द्यायला लागलो. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती ती तिने आईला फार उशिरा दाखवली. मावशी गेली त्या दिवसापासून आईने मिश्रीला बोट लावलं नाही. सूप मात्र सोडता येण्यासारखं नव्हतं, ते माझी पहिली कमाई येईपर्यंत मांडीवर राहिलं. आमच्या गल्लीत त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. गालाला रुमाल लावून कुणी चाललं की कट्ट्यावरच्या बायका गप्प होतात.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी कॅमेरा बिघडल्याची थाप मारली, आणि वर मला वाटलं की ती पचली.

कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यापासून आईला निपाणी-बेळगाव म्हणजे अंगण-परसू झालंय. आधार कार्ड कमरेच्या पिशवीत, की निघाली. दोन दिवसांनी सकाळी दार वाजलं, मी पट्टा बांधलेल्या अवस्थेत उघडलं, तर समोर आई, हातात डबा. तिने माझ्याकडे बघितलं. एरवी उंबऱ्यातच तिचं बोलणं सुरू होतं, बसमधल्या गर्दीपासून संकेश्वरच्या स्टँडवर भेटलेल्या पाहुण्यांपर्यंत. आज ती नुसती चपला काढून आत आली, डबा ठेवला आणि मग विचारलं काय झालं.

सुट्टीतली वकील मी. तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "दाढ दुखतीया."

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की या घरात दुसरं काहीही चाललं असतं, हे सोडून. पण आई नुसती बरं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, टळलं. दुपारी तिने डबा उघडला, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी. मला घोट गिळतानाही ओढ बसत होती, म्हणून मी भाकरी बाजूला सारून भात मऊ कालवून घेतला. ती माझ्या ताटाकडे बघत होती. मग उठली, नळाखाली हात धुतले. परत येऊन बसली, पुन्हा उठली, पुन्हा हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्या चोळून. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मीही मागून गेले आणि नळ बंद केला.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाळणा न्हवता आपल्याकडं. सुपाच्या शेजारी निजवायची तुला म्या. तू शिंकायचीस, म्या म्हणायची, पोरीला थंडी झाली. तंबाखूचा धुरळा हुता त्यो. ह्याच हातानं तुला भरवलंय."

मी काही म्हणायच्या आत तिने पुढचं सांगून टाकलं. मावशी गेल्यापासून माझी प्रत्येक सर्दी, प्रत्येक खोकला तिने मनात मांडून ठेवला होता. मी परीक्षेला बसले, सनद घेतली, लग्न केलं, आणि ती वाट बघत राहिली की तिच्या सुपातलं माझ्यात कधी उगवतं. मला रडू आलं नाही, राग आला. त्या तंबाखूचा, त्या सुपाचा, आणि एवढी वर्षं एवढं ओझं एकटीने वाहणाऱ्या या बाईचा. जगभराचे दावे लढवते मी, आणि माझ्याच आईवर चाललेला खटला मला ठाऊक नव्हता.

मग मी पट्टा काढला आणि खरं काय ते सांगितलं. सरळ, आमच्या गल्लीच्या भाषेत. आई, हितं चरबी आलती, ती मला नको हुती, म्हणून सुया टोचून घेतल्या, त्याची सूज हाय ही.

ती नुसत्या शब्दावर पटवून घेणारी बाई नाही. तिने विचारलं, "डाक्टरीणबाईनं हात लावून बघितलं?"

"व्हय."

"गाठ न्हाय म्हणाली?"

"न्हाय म्हणाली. आधी तेच बघितलं तिनं."

मी मोबाइलमधला फोटो दाखवला, गळ्यावर ठिपक्यांच्या ओळी. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि फोन बाजूला ठेवला. तिला फोटोशी कर्तव्य नव्हतं. तिने हात पुढे केला आणि माझा गळा स्वतः चाचपला, डॉक्टरीणबाईंनी चाचपला होता तसाच, जबड्याच्या कडेने, कानाखालून. मावशीची गाठ त्या बोटांना आठवत होती. दुखत होतं, पण मी हललेही नाही. बराच वेळ तिची बोटं शोधत राहिली, आणि सापडलं नाही तेव्हा ती तिथेच ओट्याला टेकून खाली बसली आणि हुंदके देऊन रडली. मीही शेजारी फरशीवर बसले.

रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या दंडावर सणसणीत चापट मारली.

"चरबी?" ती म्हणाली. "आपल्या घरात कुणाच्या गळ्याखाली चरबी हुती गं? तुझ्या आज्जीच्या गळ्याच्या शिरा मोजून घ्याव्यात. माझा बघ. चार पिढ्यांत पैल्यांदा कुणाच्या तरी अंगाला खाल्लेलं लागलं, आन् ते तू सुया टोचून जाळलंस?"

यावर युक्तिवाद नव्हता. तरी मी केलाच. म्हटलं, तू मला खाऊ घातलंस ते कुणापुढे मान खाली घालायला लागू नये म्हणून, आणि ही वळी आली की मान खालीच दिसते. माझा गळा आहे, मला हवा तसा मी ठेवणार, आणि पुढची बैठकही घेणार. मी चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. थाप मारली ती तेवढी वाईट. आई म्हणाली, कर की, पण सांगून कर, आणि पुढच्या वेळी मी संगं येणार. मी म्हटलं, ये, पण त्याच दिवशी तू तुझं तोंड दाखवायचंस. कारण एवढ्यात माझ्या लक्षात आलं होतं की माझ्यासाठी जीव टांगणीला लावणाऱ्या या बाईने स्वतःचा जबडा कुणाला कधीच उघडून दाखवला नव्हता. ती जरा घुटमळली. मग सौदा ठरला.

सूज उतरली, कोर्ट उघडलं, आणि ठरल्या दिवशी आई पहिल्या बसने आली. आधी तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने दिवा लावून, जीभ वर करायला लावून सगळं बघितलं आणि सांगितलं की दात झिजलेत, हिरड्या काळ्या आहेत, पण भिण्यासारखं काही नाही. तिने त्याला तीनदा विचारलं. बाहेर पडल्यावर ती फूटपाथवर उभी राहून उगाच रहदारी बघत होती, आणि मग म्हणाली, तोंड गोड करू, कुंदा घ्यायचा का.

कुंदा पिशवीत घालून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी आडवी, गळ्यावर ठिपके काढून झालेले, आई उशाशी खुर्चीवर. बाईंनी सुई हातात घेतली तशी आई उठली आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. आमच्याकडच्या मोडक्या कानडीत तिने त्यांना सांगितलं की सगळी काढू नका, थोडी ठेवा. बाई गोंधळल्या. त्यांनी मराठीत विचारलं, का हो आई?

आई म्हणाली, "माझी कमाई हाय ती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून हनुवटी वर केली. त्यांनी मग फार हलक्या हाताने सुया घातल्या, का मला तसं वाटलं, कोण जाणे.

आता बँड पुन्हा मोकळा लोंबतो आणि ऑनलाइन सुनावणीत आधी मीच बोलते. अगदी बारीक अशी एक वळी राहिली आहे, हसले की दिसते. आणखी एका बैठकीत तीही साफ होईल, असं सांगायला पावसाळ्यानंतर दवाखान्यातून फोन आला होता. वाटणीचे दावे मी रोज लढते. कुणाचा हिस्सा कुणी विकू नये, एवढा कायदा मला येतो. मी त्यांना सांगितलं, तेवढी राहू दे, ती आईच्या नावावर आहे.