नकाबपोशाची गिनती

फौजेत मी गोळ्या फार कमी चालवल्या. मी सेट चालवला. पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये रेडिओ ऑपरेटर होतो. कानाला हेडफोन आणि हातात बोलायचं बटण, अशी माझी नोकरी. प्रताप नगरातल्या आमच्या कॉलनीत पंधरा ऑगस्टला मला झेंड्याजवळ उभं करतात आणि म्हणतात, काका, लढाईचं काहीतरी सांगा. माझ्याकडे लढाईचं फारसं नाही. जे आहे ते कुस्तीचं आहे, आणि ते ऐकायला कोणी थांबत नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे.

सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला आमची पलटण उत्तरेच्या बर्फात तैनात झाली. कंपनी हेडक्वार्टर एका नाल्याकाठी होतं. मी, वसंता, तिथे लान्स नायक, सेटवर. वर डोंगराच्या धारेवर आमची पुढची पोस्ट होती. रेडिओवर तिचं नाव अल्फा टू. चांगल्या हवेत चढायला अर्धा दिवस लागायचा. वाईट हवेत चढायचंच नाही, असा हुकूम होता. पलटण मिश्र होती. गढवाली, पंजाबी, मद्रासी, सगळे. कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच निघालो आणि दोघंही नागपूरचे. मी महाल भागातला. दुसरा नायक देवाजी, गोळीबार चौकाजवळच्या विणकर वस्तीतला.

देवाजी अल्फा टूचा सेट सांभाळायला वर निघाला होता, त्या सकाळी तो मला पहिल्यांदा भेटला. मी नागपूरचा आहे हे कळल्यावर त्याने माझं नाव विचारलं नाही, गल्ली विचारली नाही.

"नकाबपोश का गुलाब?"

"गुलाब," मी म्हणालो.

"घे! इतक्या दूर एक नागपूरवाला भेटला, अन् तो बी गुलाबवाला."

एवढं बोलून तो पाठीवर पिठ्ठू टाकून चढायला लागला.

आजच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. साठीच्या दशकात नागपुरात फ्रीस्टाइल कुस्त्यांचे दंगल भरायचे. मातीतल्या कुस्त्या नव्हेत; लाकडी फळ्यांवर गादी टाकून, चारी बाजूंनी दोर बांधून केलेल्या रिंगमधल्या. आठवडाभर आधी टांग्यावर भोंगा बांधून गल्लोगल्ली पुकारा व्हायचा. गुलाब पहेलवान गुलाबी साटिनचा झगा घालून यायचा, डोळ्यांत सुरमा, हातात गुलाबदाणी. पुढच्या रांगांवर गुलाबपाणी शिंपडत तो रिंगमध्ये शिरायचा, झग्याची घडी पंचाकडून करून घ्यायचा आणि घडी चुकली की पंचावरच धावून जायचा. हंडा पहेलवान नावाचा एक होता. तो कुस्तीआधी रिंगच्या मधोमध बसून केळ्यांच्या फण्याच्या फण्या संपवायचा आणि सालं समोरच्याच्या कोपऱ्यात फेकायचा. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

आणि नकाबपोश. काळा कापडी मुखवटा, काळी चड्डी. तो कोणाशी बोलायचा नाही. कुठला होता, कोणाचा होता, कोणाला ठाऊक नव्हतं. एकटा यायचा आणि कुस्ती झाली की पडदे लावलेल्या टांग्यात बसून एकटाच जायचा. पहेलवान खाली पडला की पंच गिनती सुरू करायचा, "एक, दो, तीन", आणि सगळं मैदान त्याच्याबरोबर ओरडायचं. दहाच्या आत उठला नाही तर हारला. नकाबपोश हमखास पडायचा आणि हमखास नऊला उठायचा. आठला कधी नाही.

मी म्हणायचो, ही सगळी नूरा कुस्ती, आधी ठरवून केलेली. देवाजी यावर पेटायचा.

"त्याच्या खांद्यावरचं रगत पाह्यलं का तू?"

"रंग असन."

"तू रंगच पाय बापा. गुलाबवाल्याले दुसरं काय दिसन!"

संध्याकाळी प्रत्येक पोस्टचा रिपोर्ट यायचा. "अल्फा टू, सब ठीक, ओव्हर." त्यानंतर बॅटरी धड असेल तर आम्हा दोघांना थोडा वेळ मिळायचा. त्या वेळात आम्ही सेटवर कुस्ती लावायचो. एक दिवस तो सांगणार, एक दिवस मी. ज्याची पाळी, त्याचा पहेलवान जिंकणार. सांगणाऱ्याने "पडला, ओव्हर" म्हणायचं आणि बटण सोडायचं. मग ऐकणाऱ्याने पंच व्हायचं. एक आकडा बोलायचा, बटण सोडायचं, की सांगणाऱ्याने "उठला" म्हणायचं किंवा गप्प राहायचं. गप्प राहिला तर पुढचा आकडा. यात देवाजी सरळसरळ लबाडी करायचा. माझा गुलाब पडला की तो बटण सोडायचाच नाही. त्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत माझा आवाज वर जाणार कसा? एका दमात दहापर्यंत मोजून मोकळा व्हायचा. नकाबपोश पडला की मात्र दोन आकड्यांमध्ये माझा चहा पिऊन व्हायचा.

आमचे सुबेदार साहेब गढवाली. एकदा त्यांनी मागे उभं राहून सगळं ऐकलं.

"ये कौन सा रिपोर्ट चल रहा है?"

"कुश्ती का, साहब."

"दुश्मन सुन लेगा तो?"

"गिनती सीख जाएगा, साहब."

ते हसले नाहीत, पण त्यांनी बंदही केलं नाही. माझं म्हणाल तर त्या थोड्या वेळासाठी मी बाकीचा दिवस काढायचो. भोवती साठ-सत्तर जवान होते, सगळे चांगले. पण रात्रंदिवस बर्फ, महिना महिना टपाल नाही, आणि मनातलं बोलायला आपली भाषा नाही. माणसांत राहूनही माणूस इतका एकटा पडू शकतो हे मला तिथे कळलं. देवाजीचंही तसंच असावं. तो कधी बोलला नाही. फक्त एखाद्या दिवशी खराब हवेमुळे सेट लागला नाही, तर दुसऱ्या दिवशी दोन कुस्त्या मागायचा.

ते फेब्रुवारीत झालं. तीन दिवस बर्फ पडून हवा उघडली होती. अल्फा टूवरचे जवान सकाळी राशन आणायला अर्ध्या वाटेपर्यंत खाली उतरले. पोस्टवर दोघं उरले, सेटवर देवाजी आणि पहाऱ्यावर सिपाही किशन. दहाच्या सुमारास वरून मोठा आवाज आला. आम्ही बाहेर धावलो. हिमकडा कोसळला होता; धारेखालचा सगळा उतार पांढऱ्या धुराने भरला होता.

मी सेटवर बसलो आणि पुकारायला लागलो. बऱ्याच वेळाने देवाजीचा आवाज आला.

"वसंता, बंकरचं छत पडलं. माह्या पायावर लाकडं हाय. पाय कुठं गेले ते समजून नाही राहिलं. किशन बाहेर होता. त्याचा आवाज येऊन नाही राहिला. ओव्हर."

मी ते आमचे कंपनी कमांडर, मेजर साहेब, यांना सांगितलं. राशनची पार्टी वर वळवली गेली आणि सुबेदार साहेब दोर, फावडी आणि नर्सिंग असिस्टंट घेऊन इथून निघाले. वाट नव्याने काढायची होती. मेजर साहेब केरळचे. ते माझ्या शेजारी पेटीवर बसले.

"ठंड में सो गया तो खतम. सोने मत देना. बॅटरी की फिकर मत करो. बात करते रहो."

काय बोलायचं? मी म्हणालो, "देवाजी, आज माही पाळी हाय. कुस्ती लावतो. गिनती कर. ओव्हर."

"आता दिवसा?"

"हाव. दिवसाचा दंगल."

मी नागपूरच्या कस्तुरचंद पार्कचं मैदान उभं केलं. टांगा आणला, भोंगा आणला, गुलाबपाणी शिंपडलं. हंडा पहेलवानाची केळी खाऊन झाली. मग गुलाबने नकाबपोशाला उचलून आपटलं. "पडला, ओव्हर." देवाजीने एक म्हटलं, दो म्हटलं. प्रत्येक आकड्याला त्याला बटण दाबावं लागत होतं, सोडावं लागत होतं. मला तेच हवं होतं. नऊला मी नकाबपोशाला उठवलं. पुन्हा पाडलं. पुन्हा उठवलं. मेजर साहेबांना मराठी येत नव्हती, पण आकडे कळत होते. नऊ आला की ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे.

दुपार झाली. हवा परत बिघडली. सुबेदार साहेबांच्या पार्टीचा मेसेज आला की वाट सापडत नाही, चालू आहे. देवाजीचे आकडे लांब लांब पडायला लागले. त्याला जरा हुशारी यावी म्हणून मी या वेळी गुलाबला पाडलं.

"पडला, ओव्हर."

"एक." आणि त्याने बटण सोडलं. "दो." पुन्हा सोडलं. तो आज लबाडी करत नव्हता. सहापर्यंत आला तरी मी गुलाबला उठवलं नाही.

"उचल ना त्याले. ओव्हर."

"नाही उठत तो आज. ओव्हर."

मग तो बोलला, अगदी सावकाश.

"पाळी तुही, अन् तू माह्या पहेलवानाले काहून जिंकवून राहिला? माहं काही खरं नाही का गा? ओव्हर."

मेजर साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "चूप राय. सुबेदार साहेब वर येऊन राहिले. तू गिनती कर. ओव्हर."

"मंग गुलाबले उचल. नकाबपोशाले फुकटात जिंकायची आदत नाही. बरोबर कुस्ती लाव. ओव्हर."

मी गुलाबला उठवलं. बरोबर कुस्ती लावली. जे जे डाव आठवले ते सगळे घातले. शेवटी गुलाबने त्याला दोरावरून बाहेर फेकलं.

"पडला, ओव्हर."

"एक."

"दो."

तिसरा आकडा ऐकायला मला हेडफोन कानावर दाबून धरावा लागला. चार आणि पाच यांच्यामध्ये इतका वेळ गेला की मेजर साहेब उभे राहिले.

"छह."

"सात."

मग बटण सोडल्याचा खट्ट आवाज आला. मी आठची वाट पाहिली. आठ आला नाही.

"उठला, देवाजी," मी म्हणालो. "नकाबपोश उठला. ओव्हर."

हेच मी किती वेळा म्हणालो ते मला माहीत नाही. अंधार पडायच्या जरा आधी पार्टी बंकरपाशी पोहोचली. सुबेदार साहेबांनी वरून दोनच शब्द सांगितले, "दोनों गए." मेजर साहेबांनी माझ्या कानावरचा हेडफोन स्वतःच्या हाताने काढला. त्या रात्री मी जेवलो नाही आणि कोणाशी बोललो नाही. बोलणार तरी कोणत्या भाषेत?

सुट्टी मिळाल्यावर मी विणकर वस्तीत गेलो. देवाजीचे बाबा मागावर बसले होते. कुस्त्यांचं वेड त्यांचंच; पोराला सायकलच्या दांडीवर बसवून दंगलला नेणारे तेच. मी पाया पडलो. त्यांनी मला खाली बसवलं.

"साहेब लोकायनं सांगतलं का शांतपणे गेला म्हून. तू त्याच्यासंग होता ना गा?"

"सेटवर होतो, काका."

"मंग सांग."

मी सगळं सांगितलं. शेवटी एवढंच विचारलं, "कितीलोग मोजलं त्यानं?"

"सातपर्यंत."

त्यांनी मान हलवली. आतून देवाजीच्या आईचा रडण्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा माग चालू केला आणि मी उठलो.

ऐंशीच्या दशकात मी पेन्शनवर नागपूरला आलो. एक दिवस भिंतीवर पोस्टर दिसलं, फ्रीस्टाइल कुस्ती, गुलाब आणि नकाबपोश. मी स्कूटर काढली आणि देवाजीच्या बाबांना घेऊन आलो. मैदान निम्म्याहून जास्त रिकामं होतं. लोकांच्या घरी टीव्ही आले होते. गुलाबचं पोट सुटलं होतं, झग्याचा गुलाबी रंग उडाला होता आणि गुलाबदाणीतून बहुतेक साधं पाणी येत होतं. नकाबपोश आमच्या वेळचा नव्हताच. हा चांगला वीतभर बुटका होता. बाबांच्या ते लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

नकाबपोश पडला. पंचाने मोजायला सुरुवात केली. बाबांनी माझं मनगट धरलं. सात झाल्यावर मी मनातल्या मनात "उठला" म्हणालो. पंच आठ म्हणाला, नऊ म्हणाला, आणि तो बुटका माणूस दोर धरून उठला. इतक्या रिकाम्या मैदानातही लोक ओरडले. बाबांनी माझं मनगट सोडलं नाही.

"माह्या पोराचे दहा नाही झाले," ते म्हणाले. "पंचानं मोजलेच नाही. तो हारला नाही गा."

मी रडलो. फौजेत रडलो नव्हतो, तिथे रडलो. पुढच्या रांगेतल्या एका तरुणाने वळून पाहिलं. त्याला वाटलं मी कुस्तीवर रडतो आहे.

"काका, नूरा हाय ही. सगळं ठरवून करतात."

"नाही," मी म्हणालो. "खरी हाय."

बाबाही आता नाहीत. नायक देवाजी आणि सिपाही किशन, अल्फा टूवरचे हे दोघे. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ मी ही दोन नावं घेतो, लोक टाळ्या वाजवतात आणि जिलेबी खायला जातात. मी थोडा वेळ तिथेच उभा राहतो. वाटतं, गर्दीतून कोणीतरी यावं आणि नाव-गाव न विचारता एकच विचारावं, नकाबपोश का गुलाब? मी नकाबपोश म्हणेन. पण हे विचारणारं आता कोणी उरलेलं नाही.