जास्तीची ओळ

सौंसरात माझ्या कथा टाइप करून देणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या टायपिंगच्या दुकानात कोणीही आलं की आधी "जेवले का जी?" विचारतात, मगच कागद हातात घेतात. स्वतःचा डबा मात्र दाराशी उभ्यानंच खातात.

यंदाच्या कथेत आई नसलेल्या एका पोरीला मामी लग्नाच्या पंगतीतून उठवते. तिथं बाईंची बोटं थांबली.

"मोठी होऊन हे पोरगी कोणाजवळ बसन का, सर?"

"नाही बसणार. तीच तर कथा आहे."

दुसऱ्या दिवशी कागदांत एक ओळ जास्तीची निघाली. 'मग मामीनं तिला परत बोलावून आपल्याजवळ बसवलं.' मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"चुकून झालं असन जी," त्या खाली बघत म्हणाल्या.

ओळ मी राहू दिली. इतक्या वर्षांत त्यांच्या टायपिंगमध्ये मला एकही चूक सापडलेली नाही.